आमच्या शाळेचा सर्व्हर उठेना, त्याची हकिकत

माझ्या एकुलत्या एका बहिणीचे यजमान, कोवळ्या सफरचंदांचे कर्दनकाळ, कालेपोराव यांच्या चिखलाने भरलेल्या बुटांस सावाई बेटावरून मेहुणा उएलेसे याचा नमस्कार.

देवाच्या दयेने इकडे आम्ही सारे धडधाकट आहोत. तुमची कंबर कशी आहे? तुम्ही शिडीवरून पडलात असं आधी कळलं; मग कळलं की तुम्ही पडला नाहीत, शिडीच तुमच्यावर पडली. दोन्हींत कंबर तुमचीच गेली, तेव्हा काळजी सारखीच वाटली. या दिवसांत तिकडे परदेशातल्या बागेत झाडावरची बारकी फळं खुडून खाली टाकायचं काम असतं असं तुम्ही लिहिलंत, ते मी गावात चार ठिकाणी वाचून दाखवलं. इतक्या माणसांना विमानात घालून न्यायचं आणि फळं पाडायला लावायची, हे ऐकून सगळे थक्क झाले. (पाळकसाहेब म्हणाले, यातही देवाची काही योजना असेल. कोणती, ते त्यांना सांगता आलं नाही.) घराचं छप्पर शाबूत आहे. नीरफणस यंदा इतका लागला आहे की शेजारीही आता घेईनासे झालेत. आईचं गुडघ्यांचं दुखणं जिथे होतं तिथेच आहे. डुकरांविषयी आत्ता काही लिहीत नाही.

आता जे लिहितो ते नीट बसून वाचा. गेल्या आठवड्यात आमच्या शाळेचा सर्व्हर बंद पडला आणि दोन दिवस काही केल्या उठेना. तुम्ही म्हणाल, त्यात काय एवढं, आमच्या बागेतला ट्रॅक्टर रोज बंद पडतो. कालेपोराव, ट्रॅक्टर बंद पडला तर चार सफरचंदं वाचतात. इथे तेवीस मुलांचं वर्ष बुडायची वेळ आली होती.

हा सर्व्हर आला तेव्हा तुम्ही मागच्या खेपेला तिकडेच होतात, म्हणून थोडं सांगतो. काळी पेटी, माझ्या गुडघ्याएवढी, ग्रंथालयाच्या कोपऱ्यात चौरंगावर ठेवलेली. परदेशातून देणगीत आली. दिसायला काही नाही. पण शाळेतल्या दोनशे दहा मुलांनी वर्षभरात जे जे लिहिलं, मोजलं, काढलं आणि खोडलं ते सगळं त्या पेटीच्या पोटात. आणि पेटीचं वजन मात्र आली त्या दिवशी होतं तेवढंच. हे मी स्वतः उचलून पाहिलं आहे. (त्यानंतर मुख्याध्यापिका पेनिनाबाईंनी मला ताकीद दिली की पुन्हा उचलायची नाही.) मी शाळेचा शिपाई, किल्ल्या माझ्याकडे, धूळही माझ्याकडे. रोज सकाळी दार उघडलं की आत हा एकटाच घुमत बसलेला, इवलासा दिवा लावून, रात्रभर जागा. आपल्या गावात रात्रभर जागायचं काम पहारेकऱ्याचं, आणि तोही झोपतो. मला या पेटीचं फार नवल वाटायचं आणि थोडी कीवही यायची. मी आत जाताना तिला नमस्काराचं 'तालोफा' म्हणायचो. हसू नका, तुम्ही ट्रॅक्टरला काय काय म्हणता ते मी फोनवरून ऐकलेलं आहे.

तर शुक्रवारी दुपारी बारापर्यंत शेवटच्या वर्गाच्या मुलांचे प्रकल्प समुद्रापलीकडे आपियाच्या परीक्षा-कचेरीत पोचायचे होते. बारा वाजून एक मिनिटाने आलेला धरत नाहीत, आणि प्रकल्प नाही त्याला परीक्षेला बसता येत नाही. मुलं तेवीस. त्यातलं एक मूल एकेचाळीस वर्षांचं, म्हणजे तुमची बायको. फुआतिनोने गावातल्या पावसाच्या पाण्याच्या टाक्यांवर प्रकल्प केला आहे. सगळ्या त्रेसष्ट टाक्या. सहा महिने ती दोरी आणि वही घेऊन घरोघर फिरली. कुठली टाकी किती गळते, कुठल्या घराचं पाणी पाऊस नसताना किती दिवस पुरतं, याचे तिने रंगीत नकाशे केले. पाळकसाहेबांची टाकी सगळ्यात जास्त गळते असं निघालं, तेव्हा तिने त्यांच्या तोंडावर सांगितलं. आणि हे सगळं त्या पेटीत होतं.

तुम्हाला ठाऊक असलेली गोष्ट पुन्हा लिहितो, कारण ती मला रोज आठवते. लहानपणी आमच्या घरातून एकालाच पुढच्या शाळेत पाठवणं जमत होतं. ती हुशार होती आणि मी थोरला होतो, म्हणून मी गेलो. ती पंधराव्या वर्षापासून आईशेजारी बसून चटया विणायला लागली, आणि मी एकाच वर्गात तीन वर्षं काढून शेवटी त्याच शाळेचा शिपाई झालो. बहीण म्हणजे भावाच्या डोळ्यातली बाहुली, असं आपल्यात म्हणतात. त्या बाहुलीला मी पंचवीस-सव्वीस वर्षं चटईवर बसवून ठेवलं. यंदा ती गणवेश घालून (तुमच्या लेकीने गेल्या वर्षी सोडलेला, दोन्ही बाजूंनी उसवून कापड जोडलेला) शाळेत आली, तेव्हा मी फाटक उघडलं आणि फाटकामागे जाऊन रडलो. हे तिला सांगू नका. या खेपेला निघताना तुम्ही धक्क्यावर म्हणाला होतात, "बायको शाळेत चालली, म्हणजे मी तान्हा झालो! आता मला पाळण्यात कोण घालणार?" सगळे हसले, ती हसली, मीही हसलो. बोट सुटल्यावर तिने मला विचारलं, "दादा, हे खरंच एवढं हसण्यासारखं आहे का रे?"

आता पांढऱ्या रविवाराकडे येतो. (येणं भाग आहे.) त्या दिवशी मुलांचा मान, पांढरे कपडे घालून त्यांनी आधी जेवायचं, आपण वाढायचं, आणि लाडक्या पोरांच्या गळ्यात कागदात गुंडाळलेल्या गोड गोळ्यांच्या माळा. यंदा शाळेतल्या झाडून सगळ्या मुलांच्या गळ्यात माळा पडल्या. तेव्हा कुणाच्या तरी मनात आलं की शाळेत आणखी एक मूल आहे, नुकतंच वर्षाचं झालेलं. एकही दिवस रजा न घेता राबलं, आणि त्याला माळ घालायला कुणी नाही. मग त्या कुणीतरी ग्रंथालय उघडून लाल-गुलाबी गोळ्यांची दोन पदरी माळ सर्व्हरला घातली. सर्व्हरला गळा नसतो, म्हणून पुढच्या बाजूने बटणावर रुळेल अशी सोडली. हे कुणी केलं हा प्रश्न इथे गौण आहे. सोमवारी सुट्टी होती, ऊन कडक, खिडक्या बंद, आणि पेटीचं अंग तर कायमच ऊन. मंगळवारी सकाळी त्या कुणाला तरी दिसलं की गोळ्या वितळून कागदातून पाझरल्या आहेत. त्याने माळ काढली, पेटी ओल्या फडक्याने पुसली आणि उरलेल्या गोळ्या वाया जाऊ नयेत म्हणून खाल्ल्या. (चव ठीक होती, असं ऐकतो.)

मंगळवारी संध्याकाळी वाऱ्याने वीज गेली. पेनिनाबाईंनी पेटीला जोडलेली बॅटरी संपायच्या आत सर्व्हरला रीतसर झोपवलं. बुधवारी सकाळी वीज आली, मी 'तालोफा' म्हटलं आणि बटण दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. जोरात दाबलं, हळू दाबलं, दुसरीकडे बघत असल्यासारखं करून अचानक दाबलं. ना दिवा, ना आवाज. एवढा शांत झालेला तो मी कधीच पाहिला नव्हता. मी बोंब ठोकली. पेनिनाबाई धावत आल्या आणि म्हणाल्या, "घाबरू नका उएलेसे, सगळ्याची दुसरी प्रत आहे!" मला हायसं वाटलं. दुसरी प्रत कुठे ठेवली आहे असं मी विचारलं, तेव्हा त्या एकदम खुर्चीवर बसल्या. दुसरी प्रतही त्याच पेटीत होती. "वेगळ्या कप्प्यात ठेवली होती हो!" असं त्या दुपारपर्यंत प्रत्येकाला सांगत होत्या.

आपियाहून यंत्रं दुरुस्त करणारी एक मुलगी येते, पेरिसे तिचं नाव. समुद्र खवळलेला, बोटी दोन दिवस बंद, म्हणून ती फोनवरच राहिली. तिने पहिल्यांदा विचारलं, भिंतीतल्या सॉकेटला वीज आहे का? आम्ही तिथे पेनिनाबाईंची किटली लावली. पाणी उकळलं. उकळलंच आहे तर म्हणून त्यात कोको केला, आणि कोको झालाच आहे तर म्हणून बाहेरच्या मंडळींना बोलावलं, ही मात्र चूक झाली. दुपारपर्यंत ग्रंथालयात चाळीस माणसं होती. पेरिसेने वायर बदलायला सांगितली. झेरॉक्सच्या मशीनची वायर आणून लावली, काही नाही. बॅटरी मधून काढून थेट भिंतीत लावायला सांगितली, तरी काही नाही. वायर काढून बटण अर्धा मिनिट दाबून धरा म्हणाली, म्हणजे आत अडकलेली वीज निघून जाते. हे ऐकताच आपल्या सुलूमावशी (त्याच, मालिश करणाऱ्या, तुमची मान ज्यांनी सरळ केली आणि मग पुन्हा वाकडी केली) पुढे सरसावल्या. अडकलेलं काढणं हे त्यांचंच काम. त्यांनी पेटीला हात लावून पाहिला, डोळे मिटले आणि वारा धरल्याचं निदान केलं. आम्ही अडवायच्या आत त्या खोबरेल तेलाने पेटीच्या दोन्ही कुशी चोळायला लागल्या.

"काका, हा कसला आवाज येतोय?" पेरिसेने फोनवर विचारलं.

"तेल लावतायत," मी खरं ते सांगितलं.

"तेल?" ती इतक्या मोठ्याने ओरडली की चाळीसही जणांनी ऐकलं. "कुठे तेल?"

"बाहेरून गं बाळा," सुलूमावशी फोनकडे वाकून म्हणाल्या, "आतून मी कुणालाच लावत नाही."

मग पाळकसाहेब आले. त्यांनी सर्व्हरच्या डोक्यावर हात ठेवून लांब प्रार्थना केली, तीत योना आला, माशाचं पोट आलं, मेल्यावर उठलेला लाजरस आला. 'आमेन'ला सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मी बटण दाबलं. काही झालं नाही. पाळकसाहेबांनी मला बाजूला घेऊन हळूच विचारलं की ही देणगी नेमकी कुठल्या पंथाच्या लोकांकडून आली होती. त्या दिवशी गावप्रमुखांनी फर्मान काढलं की ज्याच्या हातून हे झालं तो सापडला तर शनिवारच्या सभेत त्याला दंड होईल. मी घरी आलो आणि जेवलो नाही. तुम्ही मला ओळखता, यावरून काय ते समजा.

गुरुवारी दुपारी पेरिसे म्हणाली, आता पेटी उघडल्याशिवाय इलाज नाही. ज्याचा हात स्थिर आहे अशा कुणालातरी बसवा. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं, कारण स्क्रूड्रायव्हर माझ्याकडे होता. मी पहिल्या स्क्रूला तीन वेळा टोचलं, तिन्ही वेळा चौरंगाला लागलं. तेव्हा मुलांच्या रांगेतून गणवेशातली फुआतिनो उठली, माझ्या हातातून स्क्रूड्रायव्हर काढून घेतला आणि म्हणाली, "दादा, सर जरा. मी बघते."

कालेपोराव, मी ती पेटी आतून पाहिली आणि टोपी काढली. मला वाटलं होतं आत एखादं मोठं चाक असेल, इंजिनासारखं काही. तसं काहीच नाही. हिरवी पाटी, तिच्यावर मुंगीच्या पायाएवढ्या तारा नि टाके, हजारोंनी, आणि एकही वाकडा नाही. जो कुणी हे घडवतो तो जेवतो कधी, झोपतो कधी? मी बघतच राहिलो. पण त्याहून मी तिच्या हातांकडे बघत राहिलो. पेरिसे फोनवरून सांगायची, डावीकडची पट्टी, दोन्ही टोकांच्या कड्या एकदम दाबून वर. आणि पट्टी वर यायची, जशी काही तिचीच वाट पाहत होती. केतकीचं पान चिरून त्याचा दोऱ्याएवढा पदर काढणारी बोटं ती, पंचवीस वर्षं तेच करत आलेली. काढलेला प्रत्येक भाग तिने आपल्या अर्धवट विणलेल्या चटईवर ओळीने मांडला, आणि कुठला कुठून काढला ते वहीत लिहिलं. पेटीच्या पाठीमागे आत एक बारीक हिरवा दिवा लागलेला होता. तो सांगितल्यावर पेरिसे म्हणाली, म्हणजे वीज आतपर्यंत पोचते आहे, वीज देणारा भाग जिवंत आहे. आम्हाला आनंद झाला. मग तिने सांगितलं, अगदी लागेल तेवढंच आत ठेवा, बाकी सगळं बाहेर, आणि बटण दाबा. दाबलं. काही नाही. एक एक भाग अदलाबदल करून चार वेळा दाबलं.

मग पेरिसे म्हणाली, "मावशी, मुख्य पाटीच गेली असेल. ती बाहेरून मागवायची, तीन आठवडे तरी लागतील."

फुआतिनो "बरं" म्हणाली. एवढंच. आणि ती एक एक भाग मऊ फडक्याने पुसून परत जागेवर बसवायला लागली, जसं काही उद्या लागणारच आहे. मला त्या 'बरं'ने जेवढं लागलं तेवढं ती ओरडली असती तर लागलं नसतं. आमच्या घरात तिला शाळा बंद म्हणून सांगितलं होतं, तेव्हाही ती एवढंच म्हणाली होती.

तेवढ्यात संध्याप्रार्थनेचा पहिला शंख झाला. तुम्हाला सांगायला नको, शंख झाला की जो जिथे आहे तिथे बसला. रस्त्यावर सोटा घेऊन पहारा, घराबाहेर पाऊल टाकलं की दंड. ग्रंथालयात आम्ही दहा-बारा जण होतो, तिथेच मांडी घालून बसलो, मध्ये ती उघडी पेटी. पेनिनाबाईंनी स्तोत्र धरलं, मग सगळे माना खाली घालून गप्प. दोन दिवसांत त्या खोलीत पहिल्यांदाच कुणी चालत नव्हतं, बोलत नव्हतं, चोळत नव्हतं. आणि त्या शांततेत मला चौरंगावर एक मुंगी दिसली.

मुंगी कुठे नसते, म्हणून मी लक्ष दिलं नाही. मग दुसरी आली, मग ओळ. बटणाच्या भोवती केसाएवढी फट असते, त्या फटीतून त्या शिस्तीत बाहेर येत होत्या, आणि प्रत्येकीच्या तोंडात काहीतरी गुलाबी. मी देवाला म्हटलं, देवा, यांना दुसऱ्या वाटेने ने. देवाने ऐकलं नाही. ओळ चौरंगावरून उतरली, सतरंजीवरून पेनिनाबाईंच्या स्तोत्रांच्या पुस्तकावर चढली आणि पलीकडे उतरली. सगळ्यांच्या माना खाली होत्या आणि सगळ्यांचे डोळे त्या ओळीवर होते. फुआतिनोची नजर ओळीच्या डोक्याकडून शेपटाकडे गेली, तिथून बटणावर गेली, बटणावरून माझ्यावर आली आणि तिथेच थांबली. प्रार्थनेत बोलायचं नसतं, हा आपला रिवाज फार चांगला आहे असं मला त्या क्षणी मनापासून वाटलं.

प्रार्थना संपल्याचा शंख होताच तिने पेरिसेला फोन लावला. पेरिसे तिकडे जेवत होती. "पेरिसे, बटणाच्या आतून मुंग्या येतायत गं."

"काय?" आणि मग ती घास तसाच तोंडात ठेवून ओरडली, "मावशी, मग बटणाला मारा गोळी! बटणाची वायर पाटीवर जिथे घुसते तिथून ती उपसा. खाली दोन बारीक दात दिसतील. त्या दोघांना एकदम धातूचं काहीतरी टेकवा. नुसतं टेकवायचं, धरायचं नाही."

फुआतिनोने अंबाड्यातला आकडा काढला. केस पाठीवर सुटले. पेनिनाबाईंनी डोळे मिटले, मी सुलूमावशींचा हात धरला. (त्यांच्या हाताला अजून तेल होतं.) तिने आकडा त्या दोन दातांना टेकवला, पाखराने पाण्याला चोच लावावी तेवढाच.

आणि तो उठला. आधी पंखा, मग दिवे, मग ती ओळखीची घूं घूं. कालेपोराव, माझी पाच मुलं माझ्यासमोर जन्मली, पण त्यांच्या पहिल्या रडण्याने माझ्या अंगावर असा काटा आला नव्हता. (हे माझ्या बायकोला सांगू नका.) तो मेलेला नव्हताच. त्याला काहीच झालेलं नव्हतं. बटणाच्या आत जिथे दोन पत्रे एकमेकांना टेकायचे, तिथे पाकात चिकटलेल्या मुंग्या चिरडून बसल्या होत्या. आम्ही दोन दिवस बाहेरून दाबत होतो आणि आत काही पोचतच नव्हतं. एवढी मोठी विद्या, हजारो टाके, समुद्रापलीकडचे कारागीर. आणि तिला अडवलं कुणी, तर गोडाच्या वासाने आलेल्या मुंग्यांनी. आणि तिला सोडवलं कुणी, तर पंधराव्या वर्षी शाळेतून काढलेल्या माझ्या बहिणीने, डोक्यातल्या आकड्याने. मी तिथे उभाच राहिलो.

शुक्रवारी सकाळी प्रकल्प एकेक करून पाठवायला ती स्वतः बसली. आमच्याकडची इंटरनेटची लाइन कशी चालते ते तुम्हाला ठाऊक आहे. एकेका प्रकल्पाला दहा-दहा मिनिटं. सव्वाअकरा झाले आणि चार उरले होते, त्यात तिचा. मी म्हटलं, अगं, आधी तुझा घाल. तर स्क्रीनवरून नजर न काढता म्हणाली, "मला थांबायची सवय आहे दादा, पोरांना नाही." तिचा शेवटचा गेला, बाराला तीन मिनिटं कमी असताना, आणि पोचल्याचा निरोप बाराला एक मिनिट कमी असताना आला. मधली दोन मिनिटं मी कशी काढली ते विचारू नका. मुलांनी तिला उचलून घ्यायचा प्रयत्न केला, पण ते जमलं नाही.

शनिवारी सभा बसली. प्रमुख म्हणाले, बटणातला गुलाबी पाक माळेचाच, तेव्हा माळ घालणाऱ्याला दहा खोकी डबाबंद मासळी दंड. मी उठून सांगितलं की गुन्हा मोठा आहे, दंड कमी आहे. त्यात एक मोठं डुक्कर वाढवावं. (आपण कडक बोललो की आपल्यावर संशय येत नाही, असं मला वाटलं होतं.) ठराव एकमताने पास झाला. मग प्रमुखांनी विचारलं, कोण तो? दाराबाहेर फुआतिनो मंडळींसाठी कोको घेऊन उभी होती. ती नुसती माझ्याकडे पाहत होती. आणि त्या पाहण्यात राग नव्हता, हीच पंचाईत. तेव्हा तो कुणीतरी उठून उभा राहिला. उभं राहिल्यावर मला दिसलं की खालचे पाय माझेच आहेत. मी म्हटलं, ते वर्षाचं पोर होतं, त्याला कुणी माळ घातली नव्हती. मग प्रमुखांनी घसा खाकरला आणि मासळी पाच खोक्यांवर आणली. डुक्कर मात्र तसंच राहिलं, कारण ती सूचना माझीच होती.

तर अशी हकिकत. कंबरेला शेक देत जा, शिडीखाली उभे राहू नका, आणि रविवारी देवळात जात असाल तर पुढच्या बाकावर बसा, म्हणजे झोप आली तरी दिसेल. आई, लेकरं आणि सारा गोतावळा यांच्या वतीने तुम्हाला आठवणी आणि उदंड आयुष्य चिंतणारा, आता सर्व्हरपासून चार हात लांब राहणारा,

तुमचा मेहुणा
उएलेसे

ता. क. दंडाचं डुक्कर तुमचं होतं. माझं अजून लहान आहे, आणि सभेत 'मोठं' असा शब्द मीच घातला होता. ते सगळ्या गावाने फार आवडीने खाल्लं आणि तुमचं नाव काढलं.

ता. क. आणखी एक. खरं तर वरचं सगळं या एका गोष्टीसाठी लिहिलं, आणि ती लिहायचं धैर्य यायला एवढी पानं लागली. पेरिसेने आपियाच्या तंत्रशाळेत फुआतिनोचं नाव सुचवलं आहे. यंत्रं दुरुस्त करायचा दोन वर्षांचा वर्ग, फेब्रुवारीपासून, परीक्षा पास झाली की प्रवेश. तिने हसण्यावारी नेलं. घर कोण बघेल म्हणाली, कालेपोला काय वाटेल म्हणाली. तुम्ही नुसत्या भुवया वर केल्यात तरी ती "बरं" म्हणेल आणि विषय संपेल; ते 'बरं' मला आयुष्यात तिसऱ्यांदा ऐकायचं नाही. म्हणून हात जोडून मागतो, रविवारी जेवणं झाल्यावर फोन करा आणि आपणहून सुचल्यासारखं म्हणा, की फुआतिनो, तू आपियाला जा. माझं नाव घेऊ नका. घर मी बघतो. डुकरं वगळून सगळं बघतो.

ता. क. (वेगळ्या अक्षरात) कालेपो, दादाने पाकीट न चिकटवताच पत्र टपालात टाकायला माझ्याकडे दिलं. विसरला की मुद्दाम, ते मला ठरवता आलं नाही. रविवारी फोन जरूर कर, पण 'जा' म्हणायला करू नकोस. फॉर्म मी मंगळवारीच भरून पाठवला. नवऱ्याला काय वाटतं असा रकाना त्यात कुठे नव्हता, मी दोनदा शोधला. फोन कर आणि मला विचार, की मी त्या प्रकल्पात काय लिहिलं. सहा महिन्यांत तू ते एकदाही विचारलं नाहीस, आणि मला तुलाच सगळ्यात आधी सांगायचं होतं. फुआतिनो.